माझ्या बाजूचा ब्रेक

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या संचालक मॅडम. रोजच्या परीक्षा लवकर आटोपून आलेले प्रमुख पाहुणे, परीक्षक साहेब. व्यासपीठावर बळेच बसवल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे न सुचलेले आमचे मिस्त्री. माझं मानपत्र आत्ताच इतक्या गोड आवाजात वाचणाऱ्या ऑफिसच्या ताई. माझे सहकारी शिक्षक. आजी-माजी विद्यार्थी, ज्यांतल्या काहींना मी चेहऱ्यावरून आणि काहींना त्यांनी ठोकलेल्या खांबावरून ओळखतो. पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको. आणि शेवटच्या रांगेत, दाराला लागून, हाताची घडी घालून बसलेली माझी मुलगी. आपणा सर्वांना मनापासून नमस्कार.

एकतीस वर्षं मी बोलतोच आहे, पण ते चालत्या गाडीत आणि एका वेळी एकाच माणसाशी. तेही माणूस असं, की ज्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर अडकलेले असल्यामुळे त्याला उठून जाता येत नसे. इथे दोनशे लोक आहेत आणि दार उघडं आहे. तेव्हा मी जरा घाबरलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मॅडमनी मला हे स्मृतिचिन्ह दिलं. मागच्या रांगांना दिसत नसेल म्हणून वर धरतो. ही फळी, आणि हिच्यावर बसवलेला हा ब्रेकचा पेडल. आमच्या चार नंबरच्या गाडीचा, माझ्या बाजूचा. ती गाडी गेल्या महिन्यात मोडीत निघाली. मिस्त्रींनी तिच्यातून एवढाच भाग काढून घेतला, घासून पुसून लखलखीत केला आणि फळीवर चढवला. मिस्त्री, तुम्ही मला शाल दिली असती तर मी ती पांघरून गप्प बसलो असतो. तुम्ही नेमकं हे दिलंत. त्यामुळे आज मला बोलणं भाग आहे.

ज्यांनी आमच्याकडे गाडी शिकलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शिक्षकाच्या पायाखाली. नव्या शिक्षकाला आम्ही पहिली गोष्ट शिकवतो ती ही, की आपला पाय त्या पेडलच्या वर चार बोटं तरंगत ठेवायचा. टेकवायचा नाही आणि लांबही न्यायचा नाही. टेकवला तर शिकणारा कधीच शिकत नाही, आणि लांब नेला तर समोरच्या दुकानाची काच जाते. शहाण्या शिक्षकाचं सगळं शहाणपण त्या चार बोटांत असतं. बाकी तोंडाने काय बोलायचं ते कोणीही बोलू शकतं.

आता विचार करा. दिवसाचे आठ तास, एकतीस वर्षं, ज्याचा पाय हवेत तरंगतोय, त्या माणसाचा पाय घरी गेल्यावर जमिनीवर राहील का? नाही राहत. मी सोफ्यावर बसलो की समोरच्या गालिच्यावर पाय दाबतो. तिथे गालिच्याचे धागे निघालेत. जेवणाच्या टेबलाखाली दाबतो, न्हाव्याच्या खुर्चीत दाबतो. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे त्यांनी मशीन चालू केलं आणि मी इतक्या जोरात दाबला की त्यांचा पाण्याचा कप खाली आला.

आणि आमच्या घरात ही सवय सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आली? तर त्या शेवटच्या रांगेतल्या व्यक्तीच्या. तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल. टेबलावर दुधाचा पेला कलंडायला लागला की पेल्याकडे न बघता ती टेबलाखाली वाकायची आणि ओरडायची, "बाबा, पाय!" तेव्हापासून आमच्या घरात हे दोन शब्द आहेत. मी काळजीत पडलो, चिडलो, घाबरलो, की माझं तोंड काहीही म्हणो, माझा पाय खरं सांगतो आणि ती तो पकडते. "बाबा, पाय!"

मग ती चौदाची झाली.

ज्यांच्या घरी चौदा ते अठरा या वयाचं माणूस आहे, त्यांनी हात वर करा. बघा, हात सुद्धा दमलेले आहेत. आमच्या घरी या काळात तिचं नाव पडलं सासूबाई. माझ्या खऱ्या सासूबाई फार प्रेमळ आहेत, त्यांनी चोवीस वर्षांत माझी एक चूक काढलेली नाही. तो सगळा शिल्लक साठा नातीकडे आला असावा. सकाळी हाक मारली की पांघरुणातून पहिला आवाज येणार तो "काय कटकट आहे." पडदा उघडला तर उजेडाबद्दल तक्रार, नाही उघडला तर कोंदटपणाबद्दल. आमच्या श्वास घेण्याबद्दलही तिची एक तक्रार होती. मी आवाज करत श्वास घेतो म्हणे. पलंगावरचा ओला टॉवेल उचल म्हटलं, तर आधी उसासा, मग छताकडे नजर, मग "मीच का?" आता तो टॉवेल तिचाच असायचा, तर दुसरं कोण उचलणार? माझी बायको डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. ती म्हणायची, "हिची बुबुळं इतकी वर जातात, एखाद दिवशी खाली यायचीच नाहीत."

पण एक गोष्ट मला तेव्हा दिसत असूनही दिसली नव्हती. ती कुरकुरत सगळं करायची. टॉवेल उचलला जायचा. आजीच्या गोळ्या आणल्या जायच्या. कुरकुरीचा आवाज आणि कामाचा आवाज एकदमच यायचा.

अठरा पूर्ण झाली तेव्हा मी घरी जाहीर केलं, की हिला गाडी मी शिकवणार.

इथे माझ्या सहकाऱ्यांनी आपापसात बघितलं, ते मी पाहिलं. आपल्या स्कूलमध्ये मॅडमच्या वडिलांच्या काळापासून एक रिवाज आहे. घरचं माणूस आपण शिकवायचं नाही, दुसऱ्या शिक्षकाच्या हवाली करायचं. हा रिवाज मी स्वतः किती नव्या शिक्षकांना समजावून सांगितलाय! मॅडमनी मला बोलावून विचारलं सुद्धा, "सर, नक्की ना?" मी म्हटलं, "मॅडम, माझा माझ्या पायावर विश्वास आहे." हे वाक्य मी बोललो आहे. ताई साक्षीदार आहेत.

आता बघा गंमत. समोर तिसऱ्या रांगेत आमचे बेकरीवाले बसलेत. यांनी तिसऱ्याच दिवशी गाडी बागेच्या कुंपणातून आत घातली होती. गाडीच्या टपावर फुलं पडली होती. मी काय म्हणालो होतो, आठवतंय का? म्हणालो होतो, "छान. आता सावकाश मागे घेऊ." याला म्हणतात शिक्षक! आणि पोटच्या पोरीने किल्ली लावली, अजून फिरवलेली सुद्धा नाही, तर मी, "अगं! अगं अगं अगं!" ताई ऑफिसच्या खिडकीतून ऐकत होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "सर, आज गाडीत कोणाला चावलं का काही?"

अडीच महिने शिकवणी चालली. मी बोलायचो, ती कुरकुरायची. "आरसा बघ." "बघितला, बाबा." "परत बघ." "आरशात आता माझाच वैतागलेला चेहरा दिसतोय." "क्लच हळू." "याहून हळू सोडला तर उद्या सुटेल." रोज घरी येऊन आईकडे माझी तक्रार, आणि रोज सकाळी माझ्या आधी तयार होऊन गाडीपाशी उभी. तेव्हाही तोंड वाकडंच. पण माझ्या आधी उभी! हे मला आज दिसतंय.

आणि अजून एक सांगतो, जे मी अडीच महिन्यांत तिला एकदाही सांगितलं नाही. ती उत्तम चालवते. मी या हातांखालून हजारो माणसं काढली, पण चढावर इतका हळुवार क्लच सोडणारी माणसं फार थोडी पाहिली. मला वाटायचं, सांगितलं तर शेफारेल. कशाला शेफारली असती? थोडी हसली असती फार तर.

मग परीक्षेचा दिवस आला.

परीक्षेत विद्यार्थी गाडी चालवतो, शेजारी आम्ही गप्प बसतो आणि मागे परीक्षक साहेब बसतात. आमच्या बाजूचा ब्रेक दाबला गेला की समोर एक लाल दिवा लागतो, म्हणजे लपवाछपवीला जागा नाही. दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि साहेब एक फॉर्म पुढे करतात. त्यात शिक्षकासाठी दोन चौकोन असतात. एक, "गरज होती." म्हणजे विद्यार्थी नापास. दुसरा, "चुकून लागला." म्हणजे विद्यार्थ्याचं काही बिघडत नाही, तो रस्ता पुन्हा घेतात, आणि शेरा पडतो तो शिक्षकाच्या सेवापुस्तकात. मला एकतीस वर्षांत त्या दुसऱ्या चौकोनाची गरज पडली नव्हती. ताईंनी मानपत्रात वाचलंच, "ज्यांचा पाय परीक्षेच्या गाडीत एकदाही चुकून ब्रेकवर पडला नाही." त्यावर आपण सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्यात. ताई, मानपत्र जरा माझ्याकडे द्याल का? थँक्यू.

चार नंबरची गाडी. पोस्टाच्या चौकातून ती सुरेख वळली. पुढे एका बोळातून एक रंगारी सायकलवर निघाला, खांद्यावर आडवी शिडी घेऊन. शिडी आधी बाहेर आली, माणूस नंतर. तिने शिडीचं टोक बघितलं, पाय ब्रेकवर नेला आणि गाडी हळू केली. मी तिचा पाय बघितला. हे लक्षात घ्या, मी बघितला. गाडी थांबतच होती. मधे दोन माणसं झोपतील इतकं अंतर होतं. दुसरा कोणी विद्यार्थी असता तर मी मनात म्हटलं असतं, "शाब्बास." पण स्टिअरिंगवर माझी पोर होती आणि समोर शिडी होती. माझी चार बोटं कुठे गेली, मला कळलं नाही.

लाल दिवा लागला.

साहेबांनी मागून शांतपणे विचारलं, "सर, गरज होती?"

गाडीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, आपापल्या विद्यार्थ्यांची वाट बघत ओळखीचे तीन शिक्षक उभे. चौथ्या दिवशी माझं नाव वार्षिक सन्मानासाठी जाणार होतं. ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी एकही कारण नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "हो, होती." आणि मी पहिल्या चौकोनात खूण करून सही ठोकली.

ती माझ्याकडे बघत होती. रात्री जेवताना तिने एकदाच विचारलं, "बाबा, मी आधीच दाबला होता ना?" आता इथे तरी? घरात कोण होतं ऐकायला? पण एकदा सही केलेला माणूस विचित्र असतो. मी म्हटलं, "परीक्षेत होतं असं. पुढच्या वेळी बघू."

त्या रात्रीपासून आमच्या घरातली कुरकुर थांबली.

लोकहो, आपल्याला वाटेल, काय सुख! मलाही पहिले दोन दिवस वाटलं. एका हाकेत उठते. "टॉवेल उचल" म्हटलं की उचलते. नावडती भाजी वाढली की खाते, वर पुन्हा घेतेस का म्हटलं की "चालेल." बाहेर जायचं का? "चालेल." राहू दे, नको जायला? "चालेल." तिसऱ्या दिवशी तिच्या आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. पाचव्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, "मी काय करणार?" आणि मी गालिच्यावर इतका जोरात पाय दाबला की उरलेले धागेही गेले. ती समोर बसली होती. तिने माझ्या पायाकडे बघितलं. पण ते दोन शब्द आले नाहीत.

त्या दिवशी मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

आज त्या परीक्षेला सेहेचाळीस दिवस झाले. मी काय काय केलं असेल! तिने कुरकुरावं म्हणून ओला टॉवेल मीच तिच्या पलंगावर टाकून बघितला. तिने उचलला. मुद्दाम आवाज करत श्वास घेतला. तिने खिडकी उघडली आणि विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" इंजिनाचा आवाज बंद झाला की गाडी चांगली झाली असं कोणी म्हणत नाही. मी मिस्त्रींना हे विद्यार्थ्यांसमोर शंभरदा सांगायला लावलंय. स्वतःच्या घरात कळायला मला सेहेचाळीस दिवस लागले. पुन्हा परीक्षा दे म्हटलं तर म्हणाली, "नको. मला जमत नाही ते." एवढंच. तक्रारीचा सूर सुद्धा नाही. आणि सगळ्यांना वाटतंय, सरांची मुलगी असून नापास झाली. मघाशी आमचे बेकरीवाले तिला धीर देत होते, "मी पण कुंपणात गेलो होतो." तिने त्यांनाही "हो काका" म्हटलं. खरं एका शब्दात सांगता आलं असतं तिला. सांगितलं नाही.

तर आता, अध्यक्ष मॅडम, आपल्या परवानगीने. ताई, तुमचं पेन द्या. मानपत्रातली ही सातवी ओळ. "एकदाही" हा शब्द मी खोडतो. बाजूला लिहितो, "एकदा. स्वतःच्या मुलीच्या परीक्षेत. तिने आधीच ब्रेक लावलेला असताना." आणि सही करतो. ही सही मला त्या दिवशी करायची होती.

परीक्षक साहेब, हे पाकीट आपल्यासाठी. फुलं नाहीत, अर्ज आहे. पहिल्या चौकोनातली खूण चुकीची होती, दुसऱ्या चौकोनात करावी, असा. सेवापुस्तकात काय लिहायचं ते लिहा, उद्यापासून ते पुस्तक तसंही कपाटात जाणार. साहेब मान हलवताहेत. हो म्हणताहेत की नाही, ते परीक्षेतही आम्हाला कधी कळलं नाही. उघडून वाचताहेत. खिशातून पेन काढलं. ठीक आहे.

पहिल्या रांगेकडे मी बघत नाही. घरी गेल्यावर माझ्या वाट्याला काय आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. माझ्या बायकोलाही हे आत्ताच कळतंय.

आणि शेवटच्या रांगेला सांगतो. बाई, तू परीक्षा परत द्यावीस की नाही, हे तुझं तू ठरव. दिलीस तर शेजारी मी बसणार नाही. गाडीतही नाही, चौकातही नाही. ही फळी मी घरी भिंतीवर लावणार आहे, माझा पाय पोचणार नाही इतक्या उंचीवर. तुझा पाय आधी लागला होता. शिडी तू माझ्या आधी बघितलीस. मी खोटं बोललो आणि ते तुझ्या नावावर गेलं. मला माफ कर. दोनशे लोकांसमोर सांगतोय, कारण खोटंही लोकांसमोरच बोललो होतो. आणि आता तू छताकडे बघ, उसासा टाक, "काय कटकट आहे" म्हण, माझ्या श्वासाबद्दल बोल. पण "चालेल" म्हणू नकोस. ते सोडून काहीही.

असो. वेळ पुष्कळ झाला, चहा निवत असेल. मॅडमनी मला एकतीस वर्षं सांभाळून घेतलं. मिस्त्रींनी माझ्या बाजूचा ब्रेक नेहमी चोख ठेवला, फार चोख ठेवला. ताईंनी इतकं सुंदर मानपत्र लिहिलं, ते मी खराब केलं. सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रेम दिलं. सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला काही लागलं असेल, तर ते इथेच सोडून द्यावं, मनाला लावून घरी नेऊ नये, ही हात जोडून विनंती. या निमित्ताने मी एवढंच म्हणेन की...

काय? कोण बोललं मागून?

माफ करा, माइक खरखरतोय, नीट ऐकू आलं नाही. अं? माइकची वायर? माझ्या...

ऐकलंत? आपण सगळ्यांनी ऐकलंत ना? ऑफिसच्या ताई, तुम्ही ऐकलंत? ती म्हणाली, "बाबा, पाय! कधीचे वायरीवर दाबून उभे आहात. आणि आवरा की आता, किती वेळ!"

काढला गं. हा बघ, काढला. नमस्कार.